चिकटणं वेगळं, सोयरीक वेगळी

आमच्या दिग्रसच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या राठोड मॅडमना "कशा आहात?" असं विचारायची कुणाची हिंमत नव्हती. बाई खाष्ट होत्या अशातला भाग नाही. पण तब्येत विचारा, पोरं विचारा, कापसाचा भाव विचारा, तिसऱ्या वाक्याला त्या हिस्टोन नावाच्या प्रथिनावर यायच्या, आणि मग तुमची घंटा वाजून गेली तरी सुटका नाही.

मी मराठीची. नवीन आले तेव्हा स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, खिडकीजवळची, पंख्याखालची. एवढी चांगली जागा मोकळी कशी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पहिल्याच आठवड्यात मी विचारून बसले, "मॅडम, हे लिंकर हिस्टोन म्हणजे काय प्रकरण आहे हो?" पलीकडे इतिहासाच्या वानखडे सरांनी कपाळावर हात मारून घेतला.

राठोड मॅडमनी पर्समधून दोऱ्याचं रीळ काढलं. शिवणकामाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ब्लाउजचं बटण तुटलं तर पिन लावून हिंडणारी बाई ती. पण रीळ पर्समध्ये कायम.

"हे पाहा बाई. पेशीच्या केंद्रकात डीएनएचा लांबच लांब दोरा असते. मोकळा सोडला त निरा गुंता. म्हणून थो रिळांवर गुंडाळलेला असते. एक नाई, लाखो रिळं. थे रिळं म्हणजे हिस्टोन. आता मले सांगा, दोरा गुंडाळला, टोक सुटू नाई म्हणून तुमी काय करता?"

मी रिळावर अंगठा ठेवला.

"थो अंगठा म्हणजे लिंकर हिस्टोन!" बाई इतक्या जोरात ओरडल्या, की शिपाई चहा घेऊन आत येता येता दारातच थांबला. "आता सारे म्हणते, अंगठ्याचं काम दाबून ठेवायचं, बस. पण या अंगठ्याले शेपटी हाय, बाई. लांब, लवचिक, एका जागी न बसणारी. थे शेपटी केंद्रकात हालत राह्यते. या प्रथिनाले धर, त्याले सोड. कोण आलं की अंगठा उचलला जाते, अन् कोण आलं की घट्ट बसते? अंगठा उचलला तरच तिथला दोरा वाचता येते ना! मंग थे शेपटी कोणाले भेटते, हे पाह्यलं पायजे की नाई?"

"पाहायला पाहिजे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? माझी घंटा होऊन गेली होती.

विमल राठोड दिग्रसजवळच्या तांड्यावरच्या. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, गावात वऱ्हाडी, वर्गात मराठी-इंग्रजीची मिसळ. वडील तांड्याचे कारभारी. नायकाच्या खालोखाल मान त्यांचा. भांडण मिटवायचं असो की सोयरीक जमवायची असो, बापू बसल्याशिवाय बैठक सुरू होत नसे. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडलेले. मॅडमना त्याचा भारी अभिमान. प्रयोगशाळेत द्रावण करताना पोरं क्षार जास्त घालू लागली की त्या ओरडायच्या, "अरे भैताडांनो, माझ्या आज्यापणज्यानं मीठ वाह्यलं! मिठाची गोष्ट मले शिकवता?"

कॉटनची साडी, खाली पांढरे स्पोर्ट शूज. बसायच्या कमी, उभ्या जास्त. आणि एक वाक्य तोंडात कायमचं: "चिकटणं वेगळं, सोयरीक वेगळी." हिस्टोनवर धनभार असतो, त्यामुळे ऋणभाराचं जे दिसेल त्याला तो चिकटतो. पण प्रत्येक चिकटण्याला काही अर्थ असतो असं नाही. हे वाक्य त्यांनी हळूहळू माणसांनाही लावलं. एक नवे प्राध्यापक दिवसभर प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसायचे. मॅडम म्हणाल्या, "चिकटणं." पुढं प्राचार्य बदलले आणि ते गृहस्थ जुन्यांना रस्त्यात ओळख दाखवेनात, तेव्हा मॅडमनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी तोंडाला पदर लावून हसले.

आमची खरी गट्टी जमली ती एसटीत. त्यांना प्रयोगासाठी बोकडाच्या गळ्याखालची ग्रंथी लागायची. थायमस तिचं नाव. पेशी लहान, केंद्रकच केंद्रक, हिस्टोन भरपूर. ती ताजी हवी, म्हणून सकाळी मटणाच्या दुकानात सलीमभाईंकडे पहिलं गिऱ्हाईक याच. सलीमभाईंना वाटायचं, बाई कुठल्या तरी आजाराचं औषध करतात. ते ती ग्रंथी वेगळी काढून ठेवायचे आणि वर दुवाही द्यायचे. मग ती बर्फाच्या डब्यात घालून यवतमाळमार्गे विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, त्यांच्या पीएचडीच्या गाईड सरांकडे.

एकदा मला यवतमाळला माहेरी जायचं होतं. एकाच गाडीत बसलो. गर्दी ही अशी! मॅडमना जागा मिळाली नाही, मला मिळाली. त्यांनी डबा माझ्या मांडीवर ठेवला.

"काय आहे यात?"

"बर्फ हाय."

"आणि बर्फात?"

"बाई, तुमाले खोटं नाई सांगत. बोकडाचा गळा हाय."

माय वं! आमच्या घरात कांदा चिरला तरी आई चातुर्मासाची आठवण करून द्यायची, आणि मी दिग्रसपासून बोकड मांडीवर घेऊन बसलेली. मी डबा हातभर लांब धरला. तशात गाडीनं गचका खाल्ला, झाकण निसटलं आणि गार पाणी माझ्या साडीवर. मी किंचाळणार, तेवढ्यात मॅडम कंडक्टरवर खेकसल्या, "भाऊ, गाडी हळू घ्या! केंद्रकं फुटतीन!" सगळी गाडी माझ्याकडे पाहायला लागली. कंडक्टरला काय कळलं देव जाणे, त्यानं मला बाळंतपणाची अवघडलेली समजून पुढची सीट मोकळी करून दिली. यवतमाळपर्यंत मी तो डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसले. उतरताना मॅडम म्हणाल्या, "आता तुमी बी या कामात हाय." रागानं माझा जीव नुसता उकळत होता, पण खरं सांगते, मला ते ऐकून बरं वाटलं.

त्यांचं पीएचडीचं काम एवढंच होतं, की लिंकर हिस्टोनची शेपटी केंद्रकातल्या एका विशिष्ट प्रथिनाला खरोखर धरते, हे सिद्ध करायचं. त्या प्रथिनाचं नाव मला कधीच नीट म्हणता आलं नाही. आम्ही त्याला 'पाहुणा' म्हणायचो. हिस्टोन बारीक मण्यांवर बांधायचा, वरून केंद्रकातला रस सोडायचा, धुवायचं आणि मग पाहायचं, कोण टिकलं. पाहुणा दरवेळी टिकायचा. प्रथिनं वेगवेगळी करून दाखवणाऱ्या जेलवर त्याचा पट्टा असा ठसठशीत, की मलासुद्धा ओळखता यायला लागला.

प्रबंध देण्याआधीच्या सेमिनारला बाहेरचे तज्ज्ञ आले होते. बारीक आवाजाचे गृहस्थ. तेच पुढे परीक्षक असणार होते. मॅडम बोलल्या, पट्टे दाखवले. ते शांतपणे म्हणाले, "लिंकर हिस्टोन डीएनएला धरतो. तुमचं हे दुसरं प्रथिनही डीएनएला धरतं. मग हे दोघं एकमेकांना धरतात कशावरून? मधे डीएनएचा तुकडा असेल. दोघांनी त्याला धरलंय. हा नुसता चिकटपणा आहे. मधला डीएनए कापून काढा, मग दाखवा."

प्रश्न रास्त होता. मॅडम परत आल्या आणि डीएनए कापणारं एन्झाइम घालून प्रयोग केला. पाहुणा गायब. पुन्हा केला. पुन्हा गायब. पट्ट्याच्या जागी कोरी जेल.

म्हणजे परीक्षकांचं खरं होतं. मॅडमनी अर्धं आयुष्य ज्याला सोयरीक म्हटलं, ते चिकटणंच निघालं होतं. आणि वेळ उरली नव्हती. नोंदणीची मुदत आधीच वाढवून घेतलेली, आता आणखी वाढणार नव्हती. प्रबंध त्यात द्यायचा, नाही तर नोंदणी रद्द. पंचेचाळिशी ओलांडलेली बाई, वर्ग सांभाळून, घर सांभाळून, गाड्या बदलत केलेलं काम, सगळं पाण्यात.

त्या दिवसांत राठोड मॅडम बसायला लागल्या. खुर्चीत बसायच्या आणि खिडकीबाहेर पाहायच्या. वानखडे सर तोंडाचे फटकळ. म्हणाले, "मॅडम, कायले ताण घेता? या वयात डॉक्टर होऊन कोणता झेंडा लावायचा हाय?" मॅडमनी खिडकीकडे तोंड फिरवलं. माझं मात्र टाळकं सरकलं. मी म्हणाले, "सर, तुमचा पाचशे वर्षांपूर्वी मेलेला राजा तुम्हाला आजही झोपू देत नाही, मग त्यांचं जिवंत प्रथिन त्यांना कसं झोपू देईल?" सरांनी चहा अर्धा टाकला. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

त्याच सुमारास मॅडमच्या भाचीच्या, सपनाच्या सोयरिकीची बैठक तांड्यावर ठरली. मॅडम जायला तयार नव्हत्या. मीच म्हटलं, "चला, मी येते. घरात बसून ती कोरी जेल किती वेळ पाहणार?"

पुसदकडच्या तांड्यावरून मुलाकडची मंडळी आलेली. जमवणारा मध्यस्थ सपनाचा लांबचा मामा. असा बोलका, की बस. मुलाकडच्यांना सांगायचा, पोरगी कशी गुणाची, इकडे वळून सांगायचा, घर कसं तालेवार. सगळे हसत होते, माना डोलवत होते. मला वाटलं, जमलंच.

तेवढ्यात बापूंनी हात वर केला आणि गोरबोलीत काही म्हणाले. मॅडमनी मला हळूच सांगितलं, "मध्यस्थाले बाहेर पाठवून राह्यले. हे बापूचं नेहमीचंच. म्हणते, मध्यस्थ बसला असला त साऱ्यांचंच जमते. थो उठल्यावर दोन घरं बोलली, तरच होकार."

मामा हसत हसत उठला आणि अंगणात बाजेवर जाऊन बसला. आणि आत? आत चिडीचूप. आत्तापर्यंत हसणारी माणसं आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहायला लागली. मुलाच्या बापानं घसा खाकरला, पण बोलला नाही. सपनाची आई ओढणीचं टोक पिळत होती. मी मॅडमना कोपरानं ढोसलं, "मोडलं वाटतं." त्यांचाही चेहरा उतरला होता. भाचीवर जीव होता त्यांचा.

सपनाचा भाऊ न राहवून म्हणाला, मामाला परत बोलावू का? बापूंनी अडकित्त्यात सुपारी धरली होती, ती कातरत राहिले. मान वर न करता जे बोलले ते मॅडमनी मला सांगितलं: "थो आत्ताच गेला. त्याचा आवाज अजून कानात हाय यांच्या. कान रिकामे होऊ द्या."

आम्ही बसलो. सुपारी कातरून झाली. बाहेर मामाचा चहा आला, त्याचा फुर्र आवाज आत ऐकू आला. आणि मग मुलाची आई, जी आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती, ती सपनाच्या आईजवळ सरकली आणि तिच्या ओढणीवरच्या आरशांच्या कामाला हात लावून काहीतरी विचारलं. सपनाच्या आईनं उत्तर दिलं. तिनं आणखी विचारलं. मग दोघी हसल्या, मग बापये बोलायला लागले, आणि बघता बघता खोलीत एवढा गलका झाला, की मध्यस्थाची कुणाला आठवणही राहिली नाही.

राठोड मॅडमनी माझं मनगट असं धरलं, की बांगडी रुतली.

"बाई, मी लवकर पाह्यलं!"

"काय लवकर पाह्यलं?"

"एन्झाइम घातलं, डीएनए कापला, अन् तसंच्या तसं जेलवर चढवलं! अवं, त्या एन्झाइमले काम करासाठी क्षार लागते. थे मी भरभरून घातले. क्षार जास्त झाले की भारावर जमलेली जोडी बी सुटते. मध्यस्थ गेला म्हणून नाई सुटली थे, माझ्या मिठानं सुटली! मीठ निघाच्या आधीच पाह्यलं, कान रिकामे होऊच नाई दिले मी!" आणि भर बैठकीत त्यांनी कपाळावर फाडकन हात मारला. "मिठाच्या घरची पोरगी अन् मिठातच बुडाली!"

मुलाकडची मंडळी दचकली. बापूंनी मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "काही नाही बापू, दुसरी एक सोयरीक आहे." बापूंनी गंभीरपणे मान हलवली, जणू हेही ते रोज ऐकतात.

मॅडम दुसऱ्याच दिवशी बर्फाचा डबा घेऊन निघाल्या. आधी त्यांनी नुसते क्षार घालून पाहिलं, एन्झाइमशिवाय. डीएनए धडधाकट जागेवर, आणि पाहुणा गायब! म्हणजे चोर सापडला. मग डीएनए कापला, तुकडासुद्धा उरला नाही याची खात्री केली, ते मिश्रण बारीक छिद्रांच्या पिशवीत भरलं आणि थंड खोलीत, कमी क्षाराच्या द्रावणात टांगून ठेवलं. क्षार हळूहळू पिशवीबाहेर झिरपतात. घाई करायची नाही. गाईड सर म्हणाले, एवढा वेळ कशाला? मॅडम म्हणाल्या, "सर, बापूची सुपारी कातरून होऊ द्या." सरांना काय कळणार! पण त्यांनी होऊ दिलं.

मी वर्गात अभंग शिकवत होते तेव्हा फोन वाजला. मी वर्गात फोन कधी उचलत नाही. त्या दिवशी उचलला.

"बाई! आला! पाहुणा आला! मध्ये कोणी नाई, अन् आला!"

मी वर्गातच ओरडले, "आला?" पोरांना वाटलं, माझ्या घरी बाळ झालं. त्यांनी टाळ्या पिटल्या आणि मी त्यांना अडवलं नाही. डोळे पुसत पुढची ओवी वाचायला गेले, तर अभंगात ओवी कुठून येणार? पोरं आणखीच हसली. हसू देत. मीही हसत होते.

राठोड मॅडम आता दिग्रसला नाहीत. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत आहेत, पांढरकवड्याच्या हायवेनं कधी गेल्या तर तिथून फोन करतात आणि तिसऱ्या वाक्याला कुठं येतात ते सांगायला नको. पण मी डोळे मिटले की दिसतात त्या विद्यापीठातल्या, तोंडी परीक्षेच्या दिवशीच्या.

हॉल भरला होता. मागच्या ओळीत बापू, डोक्याला पागोटं, हातात काठी. शेजारी वानखडे सर. आपणहून आले होते, आणि सगळ्यांत आधी येऊन बसले होते. पुढं ते बारीक आवाजाचे परीक्षक. मॅडमनी नवी साडी नेसली होती. शूज तेच.

परीक्षकांनी एकेक प्रश्न काढला. मधे डीएनए नाही हे कशावरून? मॅडमनी दाखवलं. डीएनए नसेल, पण आरएनएचा धागा असेल? तोही कापलेला, त्याचाही पुरावा पुढच्या स्लाइडवर. एखाद्याच बोकडात असं असेल? "सर, सलीमभाईच्या दुकानातल्या कोणत्याबी बोकडाले विचारा." हॉल हसला. परीक्षकही हसले. मग त्यांनी शेवटचा, अवघड प्रश्न टाकला: हिस्टोनची शेपटीच काढून टाकली तर?

मॅडमनी बटण दाबलं. पडद्यावर दोन जेल शेजारी शेजारी. शेपटी आहे, पाहुणा आहे. शेपटी नाही, जागा कोरी. समजावून सांगायची गरजच नव्हती, मला मराठीवालीलासुद्धा दिसत होतं.

परीक्षकांनी चष्मा काढला. मग उभे राहून माईक घेतला आणि म्हणाले, "मागच्या खेपेला मी याला चिकटपणा म्हणालो होतो. तो शब्द मी सगळ्यांसमोर मागे घेतो. हे खरं नातं आहे. अभिनंदन, डॉक्टर राठोड."

मग जे टाळ्यांचं उठलं! सगळा हॉल उभा. गाईड सर डोळे पुसताहेत, वानखडे सर शिट्टी मारायचा प्रयत्न करताहेत आणि जमत नाहीये, बापू काठी जमिनीवर आपटताहेत. मी तर रडत होते, उघड उघड, नाक ओढत. अध्यक्ष पुष्पगुच्छ घेऊन पुढे आले.

मॅडमनी गुच्छ घेतला आणि टेबलावर ठेवून दिला. हातातला पॉइंटर खाली ठेवला नव्हता. एक हात वर करून त्या टाळ्या थांबायची वाट पाहत उभ्या होत्या, वर्गात पोरं गडबड करतात तेव्हा उभ्या राहायच्या तशाच.

"बसा जी, बसा," त्या माईकमध्ये म्हणाल्या. "काहून उठले सारे? अजून एक स्लाइड बाकी हाय. याच शेपटीले आणखी एक जण येऊन भेटते, अन् थो आला की पाहुणा उठून जाते. थो कोण, हे मलेबी अजून माईत नाई."

मग सगळे बसले. सगळ्यांत आधी बसले ते परीक्षक, आणि त्यांनी पेन काढलं.